वरण-भात सोडू नका, वजनकाटा आणा : प्रोटीन-कार्बच्या हिशेबातल्या चुका

जिम लावली की पहिल्याच आठवड्यात ताटातून भात-भाकरी हद्दपार होते आणि ‘प्रोटीन’ म्हणून वरणाची वाटी दुप्पट होते. हिशेब फसतो तो इथेच. ३० ग्रॅम कच्च्या तूरडाळीच्या वरणात प्रोटीन जेमतेम ७ ग्रॅम, आणि कार्ब (कर्बोदकं) त्याच्या दुपटीहून जास्त. डाळ उत्तमच, पण फक्त तिच्या भरवशावर दिवसाचे ११२ ग्रॅम प्रोटीन गाठायचे तर दिवसाला सोळा वाट्या प्याव्या लागतील.

हा ११२ चा आकडा आला कुठून? वजनं उचलणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं; ७० किलोला ११२. क्रम महत्त्वाचा : आधी प्रोटीन, मग फॅट, आणि उरलेल्या कॅलरीत कार्ब. समजा दिवसाच्या २२०० कॅलरी धरल्या. एक ग्रॅम प्रोटीन किंवा कार्ब म्हणजे ४ कॅलरी, एक ग्रॅम फॅट म्हणजे ९. प्रोटीनच्या ४४८ गेल्या, ६० ग्रॅम फॅटच्या ५४० गेल्या, उरल्या १२१२. त्याला ४ ने भागा : ३०३ ग्रॅम कार्ब. एवढा भात-भाकरीचा कोटा हक्काचा असताना उपाशी राहायचं कशाला?

कार्ब एकदम तोडणं

पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलो खाली येतो आणि माणूस खूश होतो. ती चरबी नव्हे, बरचसं पाणी असतं. स्नायूंतल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे शरीराने साठवलेल्या कार्बसोबत) सुमारे ३ ग्रॅम पाणी साठलेलं असतं. साठा रिकामा झाला की तेही जातं. मग तिसऱ्या सेटला पाय गळतात, चिडचिड होते आणि शनिवारी वडापाववर ताव मारला जातो. ही लक्षणं दिसली तर व्यायामाआधी दीड-दोन तास एक भाकरी (६० ग्रॅम पीठ, सुमारे ४० ग्रॅम कार्ब) खा; वेळ कमी असेल तर अर्धा-पाऊण तास आधी एक केळं. आठवडाभरात फरक पडला नाही, तर झोप आणि एकूण कॅलरी तपासा.

कच्चं की शिजलेलं?

सगळ्यात महागडी चूक ही. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ७८ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात २८. कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये एकाच्या जागी दुसरं निवडलं की दिवसाचा हिशेब कोलमडतो. कच्चंच मोजायची सवय लावा. घरात सगळ्यांचं एकत्र शिजत असेल तर कच्चं वजन लिहून ठेवा, शिजल्यावर पूर्ण भात तोला आणि आपला वाटा त्या प्रमाणात काढा. ‘एक वाटी’ हे माप विसरा, प्रत्येक घराची वाटी वेगळी.

सकाळ कोरडी, रात्री ढीग

६० ग्रॅम पोह्यांच्या बशीत, शेंगदाणे धरून, ६-७ ग्रॅम प्रोटीन. दुपारी डब्यात पोळी-भाजी, म्हणजे तिथेही फार नाही. मग रात्री प्रोटीन पावडरचे दोन स्कूप. त्यापेक्षा दिवसाचे चार वाटे करून प्रत्येकात २५-३० ग्रॅम बसवा. पोहे ४० ग्रॅमवर आणा आणि सोबत ३ अंडी (१८ ग्रॅम) घ्या. अंडी चालत नसतील तर ६० ग्रॅम मूगडाळीचं धिरडं आणि त्यात ५० ग्रॅम पनीर : २३-२४ ग्रॅम. डब्यासाठी ५० ग्रॅम सोया चंक्सची भाजी २५ ग्रॅम देते, आणि खिशालाही परवडते.

शेंगदाणे आणि उपवास

शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन, हे खरं. पण फॅट त्याच्या जवळपास दुप्पट आणि कॅलरी साडेपाचशेच्या वर. मूठभर ठीक, मुख्य स्रोत म्हणून नाही. एकादशीच्या साबुदाण्यात तर प्रोटीन नावालाही नाही, निव्वळ स्टार्च. त्या दिवशी राजगिऱ्याची भाकरी, १०० ग्रॅम पनीर आणि दही घेतलं तर निदान ३० ग्रॅमपर्यंत मजल जाते.

पोट जड राहतं, साफ होत नाही? प्रोटीन वाढवताना पालेभाजी आणि पाणी कमी झालंय. मोड आलेली मटकी आणि ज्वारी परत आणा.

मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल, तर वरचे आकडे स्वतःला लावू नका. आधी डॉक्टरांना विचारा.