एमबीबीएसच्या ताई-दादाकडून नीट आणि प्रवेशासाठी मदत घेताय? या चुका टाळा

नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आमच्या होस्टेलवर गावाकडचे फोन सुरू होतात. "बाळा, आमच्या पोराचं जरा बघ की." मी नांदेडला एमबीबीएस करते, नीटच्या पोरांना बायोलॉजी शिकवते आणि प्रवेशाचा फॉर्म भरताना त्यांच्या शेजारी बसते. भरणारा मात्र विद्यार्थीच असतो. सगळ्यात मोठी चूक इथंच होते: लॉगिन, पासवर्ड, ओटीपी असं सगळं ताईच्या नाहीतर नेट कॅफेवाल्याच्या हवाली करून घरचे मोकळे होतात. मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. पुढचे सगळे मेसेज त्यावरच येतात.

शिकवणीतली चूक वेगळी. "ताई, सगळं पहिल्यापासून शिकवा." अहो, क्लासवाल्यांनी ते दोनदा शिकवलेलं असतं. आमच्यापुढे चुकलेले पेपर आणा. लातूरला रिपीट करणारा एक जण उत्सर्जन संस्थेचा धडा सारखा वाचायचा, तरी मार्क जायचेच. पेपर समोर ठेवून बघितलं तर नेफ्रॉन त्याला पाठ होता. 'अयोग्य विधान ओळखा' असं विचारलं की हा पहिलं बरोबर विधान दिसताच गोल काळा करायचा. मग 'अयोग्य' शब्दाभोवती पेनने खूण करायची सवय लावली. एका चुकीचे चार मार्क जातात आणि वर एक कापला जातो, म्हणजे पाचाचा फटका. मराठीतून पेपर देणाऱ्यांनी शंका आली की इंग्रजी प्रश्नही वाचावा. अर्थात फरक निघाला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात.

"ताई, तुमच्या वेळी कॉलेज किती मार्कांना लागलं होतं?" या प्रश्नाचं उत्तर ऐका आणि सोडून द्या. २०२४ ला पैकीच्या पैकी ७२० घेणारे अनेक होते, २०२५ ला देशात पहिला आलेल्याला ६८६. मार्कांवर अंदाज बांधू नका, रँक बघा. गावात अजून कुणी 'मराठवाड्याच्या पोरांना इथं सत्तर टक्के जागा' म्हणत असेल, तर ती ७०:३० ची पद्धत २०२० मध्येच बंद झाली.

नोंदणी दोन ठिकाणी करावी लागते: सरकारी कॉलेजांच्या पंधरा टक्के अखिल भारतीय जागांसाठी केंद्राच्या मेडिकल कौन्सिलिंग कमिटीकडे, म्हणजे एमसीसीकडे, आणि राज्याच्या जागांसाठी राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाकडे, म्हणजे सीईटी सेलकडे. एकीकडे केली म्हणजे झालं, असं समजणारे दरवर्षी भेटतात. अखिल भारतीय कोट्यात ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो. राज्याचा एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) प्रवर्ग तिथं चालत नाही.

कागदपत्रांत जीव जातो तो व्हॅलिडिटीपायी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्रापायी. जातीचा दाखला हातात आला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण पडताळणी समिती जुना पुरावा मागते. ओबीसीला तो १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो. आपल्याकडे निजामाच्या काळातली नोंद उर्दूत किंवा मोडीत निघते, मग भाषांतर करणारा शोधा, तहसीलला खेटे घाला. निकालानंतर हे उरकत नाही. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. नॉन-क्रीमीलेअरच्या (घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याच्या) दाखल्याची मुदतही आत्ताच बघून घ्या. दहावीच्या मार्कशीटवर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, तर ते नीटचा फॉर्म भरायच्या आधी सुधारा.

पसंतीक्रम भरताना वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, "वरचं कॉलेज टाकू नको, खालचं हातचं जाईल." असं होत नाही. यंत्रणा तुमच्या मेरिटवर यादी वरून खाली तपासते. जे मिळण्यासारखं नाही ते सुटतं आणि पुढचं बघितलं जातं. म्हणून मनापासून हवं ते वर टाका, मग बाकीचं. संभाजीनगर, नांदेड, अंबाजोगाई, लातूर यांच्याखाली परभणी, धाराशिव, जालना, हिंगोली ही नवी सरकारी कॉलेजंही भरा. नवी म्हणून नाक मुरडू नका. पण जिथं जायचंच नाही ते कॉलेज नुसतं यादी लांबवायला टाकू नका. ते मिळालं तर पुढच्या फेरीच्या नियमांत अडकाल.

राहिला एजंट. "मॅनेजमेंट कोट्यातून बसवतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. राज्यातल्या खासगी कॉलेजांतल्या त्या जागाही सीईटी सेलच्या फेऱ्यांतून, नीटच्या मेरिटवरच भरतात. फी कॉलेजच्या नावाने भरायची आणि पावती घ्यायची. कुणाच्या फोन-पेवर एक रुपयाही टाकायचा नाही, मग तो नात्यातला का असेना.