द्राक्षाला ब्रासिनो मारताय? मग या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणीच्या बागा सेटिंगला (मणी धरायला) आल्या की ब्रासिनोचे, म्हणजे होमोब्रासिनोलाइड या ब्रासिनोस्टेरॉइड घराण्यातल्या वाढीच्या हार्मोनचे फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच. म्हणून एकदाच लिहून टाकतोय, वाचा आणि मग फोन करा.

पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे पीपीएमचा (दहा लाख भागांत किती भाग) हिशोब. जीएचा (जिबरेलिक ॲसिड, हेही वाढीचं हार्मोन) हिशोब सगळ्यांना पाठ असतो, 100 लिटरला 1 ग्रॅम म्हणजे 10 पीपीएम. मग तोच आकडा होमोब्रासिनोलाइडला लावतात. अरे बाबांनो, ती बाटली 0.04 टक्क्यांची असते! लिटरला 1 मिली टाकलं तरी साधारण 0.4 पीपीएमच होतं, आणि तेवढ्यात काम होतं, कारण ही वस्तूच तशी आहे. 1979 साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मधमाश्यांनी गोळा केलेल्या रेपच्या (आपल्या मोहरीचीच भावकी) 227 किलो परागकणांतून ब्रासिनोलाइड काढलं, ते निघालं फक्त 4 मिलिग्रॅम. झाडात हे स्टेरॉइड इतकं कमी असतं आणि तेवढ्यावरच झाड चालतं.

आमच्याकडच्या एका पोरानं गेल्या सीझनला "दादा, याचे पण 10 पीपीएम करायचेत" म्हणून हिशोब मांडला, 600 लिटरच्या ब्लोअरला 15 लिटर औषध आलं. दुकानात एवढं नव्हतं म्हणून वाचला, नाहीतर ओतलंच असतं. मिळालं ते 3 लिटर टाकलं, म्हणजे लेबलाच्या कितीतरी पट, वर त्याच टाकीत जीए, 6-बीए (हे आणखी एक हार्मोन) आणि कुठलंतरी टॉनिक. आठवड्यात शेंड्याची पानं आकसली, घडाचे देठ जाड आणि कडक. मी विचारलं, कशानं झालं? तो म्हणे कंपनी बोगस. आता चार वस्तू एकत्र मारल्यावर कशानं बिघडलं हे ब्रह्मदेवाला तरी सांगता येईल का? बागेत एक ओळ तरी बिनफवारणीची ठेवली असती तर जोडीला लावून बघता आलं असतं, पण घाई! पोरांना सगळं एकाच ट्रिपमध्ये उरकायचं असतं.

माझी सवय अशी: सुई काढलेली सिरिंज, लेबलावर मिलीत जे लिहिलंय तेवढंच, आधी बादलीत विरघळवून मग टाकीत. झाकणानं मोजणाऱ्यांशी मी बोलत नाही. आणि दोन ओळी सोडायच्या, तारेला लाल रिबन बांधून, म्हणजे गडी विसरत नाहीत.

दुसरी, वेळेची चूक. "फुगवणीला चांगलं" ऐकलं की पार मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागेपर्यंत, मारत बसतात. द्राक्षात पाणी उतरायच्या सुमाराला मण्यातलं ब्रासिनोस्टेरॉइड आपोआप वाढतं. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी हे 2006 मध्ये दाखवलं, वरून दिलं तर पिकणं लवकर सुरू होतं हेही दाखवलं. म्हणजे तुम्ही साइजसाठी मारताय आणि झाडाला सांगताय पिकायला लाग. काढणी पुढे ढकलायची असेल त्यानं तर या वेळेला हात लावूच नये.

तिसरी, पानांवर धुरळा करून घडाची वाट बघणं. झाडात हे हार्मोन जिथं तयार होतं तिथंच, आसपास काम करतं, दूर फारसं जात नाही. घड ओला झाला पाहिजे. कॅनॉपी (वेलीवरची पानं) दाट असेल तर आधी पानं विरळ करा, मग नोझल बघा.

भर दुपारी फवारणी: नको.

बोर्डोबरोबर (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मिक्स: नको.

पाणी न देता, अन्नद्रव्याचा पत्ता नसताना "ब्रासिनोनं बाग उठेल" म्हणणारे वेगळेच. ते खत नाही, निरोप आहे. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर त्याचा रिसेप्टर असतो, तिथं बसून ते आत वाढीचा हुकूम सोडतं. मुळी मेलेल्या वेलीत हुकूम पाळणार कोण?

"स्टेरॉइड म्हणजे जिमवाल्यांचं का, खाणाऱ्याला बाधेल का?" हाही फोन येतोच. ते नाही. झाड स्वतःच हे बनवतं, जिमवाल्यांचं टेस्टोस्टेरॉनसारखं वेगळं असतं.

आणि बाटली घेताना रजिस्ट्रेशन नंबर वाचा. होमोब्रासिनोलाइड कीटकनाशक कायद्याखाली नोंदणीकृत आहे, टक्केवारी आणि नंबर लेबलावर असलाच पाहिजे. नुसतं "साइज किंग" लिहिलेली, आत काय ते न सांगणारी बाटली उधारीवर मिळाली तरी घेऊ नका. एक्सपोर्टचा माल असेल तर आधी पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची त्या सीझनची औषधांची यादी उघडा, दुकानदाराला नंतर विचारा.