दिल्ली विद्यापीठात येणाऱ्यांनो, आधी विभाग बघा

बारावीचे निकाल लागले की मराठवाड्यातल्या ओळखीच्या घरांतून मला फोन येऊ लागतात. प्रश्न ठरलेला असतो: "हिंदू चांगलं की किरोडीमल? रामजस घेऊ का?" एमएला येणारी मुलंही कॉलेजांचीच नावं विचारतात. मी सगळ्यांना एकच क्रम सांगते. आधी विषय, मग त्या विषयाचा विद्यापीठातला विभाग, आणि कॉलेज त्यानंतर. हा क्रम का, ते विद्यापीठ कसं उभं राहिलं हे कळलं की पटतं.

1911 साली राजधानी कोलकात्याहून दिल्लीला आणायचं जाहीर झालं. विद्यापीठाचा कायदा झाला 1922 मध्ये. पण कॉलेजं त्याआधीची होती. सेंट स्टीफन्स 1881 चं, हिंदू 1899 चं आणि रामजस 1917 चं. म्हणजे लेकरं आधी आणि आई नंतर, असा प्रकार. सुरुवातीला कला आणि विज्ञान या दोनच विद्याशाखा होत्या, विद्यार्थी सुमारे 750. पहिले कुलगुरू डॉ. हरिसिंग गौर, जे पुढे नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. व्हाइसरॉय रायसीना टेकडीवरच्या नव्या प्रासादात राहायला गेल्यावर त्यांचं जुनं निवासस्थान 1933 मध्ये विद्यापीठाला मिळालं. आज कुलगुरूंचं कार्यालय तिथेच आहे.

विद्यापीठाला खरा आकार दिला तो सर मॉरिस ग्वायर यांनी. ब्रिटिशकाळातल्या फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश असलेले ग्वायर 1938 ते 1950 कुलगुरू होते. तीन वर्षांचा ऑनर्स अभ्यासक्रम त्यांच्याच काळात आला. शहरात विखुरलेली कॉलेजं रिज या जंगली टेकडीच्या कडेला एकमेकांशेजारी यावीत आणि पदव्युत्तर शिक्षण विद्यापीठाच्या विभागांत चालावं, ही घडीही तेव्हाच बसत गेली. ती आजही तशीच आहे. बीए, बीएस्सी कॉलेजात होतं. एमएचे वर्ग मुख्यतः विभागात होतात. अनेक विषयांत एमएला कागदोपत्री कॉलेज मिळतं, पण रोज बसायचं असतं ते आर्ट्स फॅकल्टीच्या नाही तर सोशल सायन्सच्या इमारतीत. कॉलेजच्या नावावर भाळून एमएला आलेली मुलं पहिल्या आठवड्यात गोंधळतात, ती यामुळेच.

आपल्या माणसांनी लक्षात ठेवावं असं एक नाव या इतिहासात आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे चिंतामणराव देशमुख 1962 ते 1967 या काळात इथे कुलगुरू होते. ज्यांना रोज वर्गात येणं शक्य नाही, त्यांच्यासाठीचा पत्रद्वारा अभ्यासक्रम 1962 मध्येच सुरू झाला. आजचं स्कूल ऑफ ओपन लर्निंग हे त्याचंच पुढचं रूप. साउथ कॅम्पसच्या मेट्रो स्टेशनला दुर्गाबाई देशमुखांचं नाव आहे. तिथून जाताना मला या जोडप्याचा मनापासून अभिमान वाटतो.

आता विद्याशाखा सोळा आहेत. कायदा, शिक्षणशास्त्र, व्यवस्थापन, वाणिज्य, संगीत, वैद्यक, तंत्रज्ञान अशी यादी लांबते, ती वेबसाइटवर वाचा. मी सांगते ते माझ्या जवळचं.

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, सगळ्यांच्या तोंडी 'डी-स्कूल', 1949 मध्ये व्ही. के. आर. व्ही. राव यांच्या पुढाकाराने सुरू झालं. अमर्त्य सेन आणि मनमोहन सिंग दोघांनीही तिथे शिकवलं. नाव अर्थशास्त्राचं असलं तरी समाजशास्त्राचा विभागही याच आवारात आहे आणि मी तिथली विद्यार्थिनी. हा विभाग 1959 मध्ये एम. एन. श्रीनिवास यांनी उभा केला. श्रीनिवास मुंबई विद्यापीठात घुर्ये सरांकडे शिकले होते, आणि गोविंद सदाशिव घुर्ये म्हणजे आपले मालवणचे. इरावती कर्वेही घुर्यांच्याच विद्यार्थिनी. त्यामुळे समाजशास्त्राला येणाऱ्या मराठी मुलांनी इथे परकं वाटून घ्यायचं काही कारण नाही.

विज्ञानवाल्यांनी वनस्पतिशास्त्र विभागाची माहिती काढावी. 1964 मध्ये शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशापासून एकगुणित, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेली, रोपं तयार केली ती याच विभागात. पिकांचे नवे वाण काढताना हे तंत्र आजही वापरतात. शेतकऱ्याच्या घरातून येणाऱ्या मुलाला 'बॉटनी घेऊन काय करणार' असं कुणी विचारलं, तर त्याच्याकडे हे उत्तर तयार असावं.

प्रवेशाचं थोडक्यात. 2022 पासून पदवीचा प्रवेश सीयूईटी या देशभराच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. शंभर टक्क्यांच्या कटऑफचे दिवस गेले, आणि राज्य मंडळाच्या मुलांसाठी हे चांगलं झालं असं माझं स्पष्ट मत आहे. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र बारावीला घेतलेले विषय आणि सीयूईटीचे विषय जुळावे लागतात, तेव्हा फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाचं माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचा. पुढे पोर्टलवर विषय आणि कॉलेज यांच्या जोड्या पसंतीक्रमाने भरायच्या असतात. तिथे भरपूर पर्याय द्या आणि नको असलेला विषय केवळ नामांकित कॉलेजसाठी वर ठेवू नका. तीन-चार वर्षं रोज उठून तोच विषय वाचायचा असतो.

वाचायचं म्हणजे किती, याची कल्पना आपल्याकडे नसते. मलाही नव्हती. एका पेपरच्या वाचनयादीत लेख आणि पुस्तकांतली प्रकरणं असतात, आणि पुढच्या तासाला ती वाचून येणं गृहीत धरलेलं असतं. इथे गाइड चालत नाही. पेपरचं नाव सांगितलं की फोटोकॉपीवाला मागच्या फळीवरून स्पायरल बांधलेला गठ्ठा काढून समोर ठेवतो: वेगवेगळ्या पुस्तकांतली पानं, वेगवेगळ्या आकाराची अक्षरं, कडेला आधीच्या कुणाच्या पेन्सिलीच्या खुणा तशाच उमटलेल्या. या गठ्ठ्यांवरून मोठा खटला झाला होता. डी-स्कूलच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपीवर आणि विद्यापीठावर ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या प्रकाशनांसह परदेशी प्रकाशक कॉपीराइटचा भंग होतो म्हणून 2012 मध्ये कोर्टात गेले. 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्यातली शिक्षणासाठीची सवलत मान्य करून विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. तीन-चार हजारांची पुस्तकं विकत घेणं ज्यांना कधीच जमलं नसतं, अशा आमच्यासारख्यांचं शिक्षण या निकालावर चाललं आहे. हे मी अजिबात वाढवून सांगत नाही.

भाषेचं सांगायलाच हवं. वर्गात इंग्रजी चालतं, बाहेर हिंदी. मानव्यविद्यांच्या बऱ्याच परीक्षा हिंदीतही लिहिता येतात, पण चांगलं वाचनसाहित्य बहुतांशी इंग्रजीत असतं. पहिल्या सत्रात एक लेख वाचायला दोन संध्याकाळी गेल्या तरी घाबरू नका. दोघा-तिघांनी लेख वाटून घ्या, वाचा आणि चहाच्या टपरीवर एकमेकांना मराठीत समजावून सांगा. मराठीत सांगता आला तर तो कळला. आम्ही असंच केलं आणि दुसऱ्या सत्रात वर्गात तोंड उघडायला लागलो.

राहायचं म्हणाल तर हॉस्टेलच्या जागा कमी आणि वेगळा अर्ज लागतो, तो प्रवेशाबरोबरच भरा. नाही मिळालं तर कमला नगर, विजय नगर, मुखर्जी नगर इथे पीजी (पेइंग गेस्टची सोय) किंवा खोली बघा. खोली फोटोवरून ठरवू नका. खिडकी बाहेर उघडते का ते बघा आणि विजेचं युनिट कोणत्या दराने लावणार ते आधी विचारून घ्या. रजई मात्र गावाहून आणू नका, नोव्हेंबरात इथेच भरून मिळते.