इंजिन बदललं, तरी चार नंबर मेलेलाच

जाम चौकातून समुद्रपूरकडे वळलं की रस्त्याच्या कडेला माझं टिनाचं शेड आहे. दिवाळीनंतर हिंगणघाटच्या जिनिंगा धडाक्यात चालू झाल्या की माझ्या दारात गाड्यांची रांग लागते. कापसाची एक गाठ 170 किलोची, गाडीत पन्नास-पंचावन्न गाठी. एवढं ओझं घेऊन पुलाचा चढ चढताना एक सिलिंडर झोपलं तर ड्रायव्हरला ते आधी कंबरेत कळतं.

अशीच एक टाटा सोळा-तेरा (1613) ट्रकगाडी आली, सहा सिलिंडरचं 697 टर्बो इंजिन. जुन्या इंजिनाचा क्रँक गेला होता, म्हणून मालकानं नागपूरच्या भंगार बाजारातून अपघाती गाडीचं इंजिन आणलं. ते मीच बसवलं. आठ दिवसांत गाडी परत दारात. मालक म्हणाले, "मिस्त्री, इंजिन तं बदललं, मंग हे धडधड काहून येते? पयले तं अशी नोती करत."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकायला हवं होतं. ऐकलं नाही, आणि चार दिवस घालवले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो. एक आधीच सांगतो: हे सगळं जुन्या, लाइन पंपाच्या (एकाच पंपातून प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाईप) गाड्यांचं आहे. कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल) असलेल्या गाडीचे पाईप चालू इंजिनावर कधीच ढिले करू नका. तिथलं प्रेशर हजार बारच्या पुढे जातं. त्या गाडीला स्कॅनर लावा.

इंजिन बदललेल्या गाडीत मिसिंग आली, म्हणजे एखादं सिलिंडर पेटेनासं झालं, तर पाना उचलण्याआधी कागद घ्या. एका बाजूला नवीन इंजिनासोबत काय आलं ते लिहा: ब्लॉक, पिस्टन, हेड, व्हॉल्व्ह, कॅम. दुसऱ्या बाजूला जुन्यावरून काय उचलून लावलं ते: पंप, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा), प्रेशर पाईप, फिल्टर, टाकीची लाइन. मग ड्रायव्हरला विचारा, ही मिसिंग आधी होती का? होती, तर पहिली बाजू सोडून द्या, रोग उचलून आणलेल्या सामानात आहे. नव्हती, तर रोग नव्या इंजिनात आहे, नाही तर दोन्ही जिथं जोडले गेले तिथं. आमच्याकडे उत्तर "पयले नोती" असं होतं. तरी मी नोझलच्या मागे लागलो, कारण पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे नोझल पाठवणं सगळ्यात सोपं. दोनदा पाठवले. दोनदा त्यानं मशीनवर फवारा दाखवून परत दिले.

पुढचं काम म्हणजे मेलेलं सिलिंडर शोधणं. आयडलवर एकेका नोझलचा पाईप-नट अर्धा आटा ढिला करायचा. माझ्याकडे त्याला 17 चा पाना लागतो. नटावर जाड चिंधी टाका, डोळ्यांना चष्मा लावा आणि बोट जवळ नेऊ नका. तो डिझेलचा फवारा कातडी फोडून आत जातो. तशी जखम सुईएवढी दिसते, पण हात जाऊ शकतो, लगेच दवाखाना गाठायचा. नट ढिला केल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर ते सिलिंडर काम करत होतं. काहीच फरक पडला नाही तर तेच मेलेलं. पाना नसेल तर सकाळी थंड इंजिन चालू करा आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर प्रत्येक तोंडाशी पाण्याचा थेंब टाका. ज्या तोंडावरचा थेंब शेवटपर्यंत बसून राहील ते तुमचं गिऱ्हाईक.

आता हे दोनदा करा, दहा मिनिटांच्या अंतरानं. दरवेळी वेगळं सिलिंडर सापडलं तर ती भटकी मिसिंग, आणि भटकी मिसिंग बहुतेक हवेची असते. इंजिन बदलताना सगळे बॅन्जो बोल्ट (पाईप जोडणारे पोकळ बोल्ट) उघडलेले असतात, जुनी तांब्याची वॉशर परत लावलेली असतात, रबरी पाईप वाकवलेला असतो. लोक डिझेल कुठं टपकतं ते पाहतात. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतची बाजू ओढणारी. ती टपकत नाही, हवा पिते. बाहेरून कोरडी ठणठणीत असते आणि आत बुडबुडे चालू. सोपा उपाय असा: पाच लिटरचा डिझेलचा डबा पंपापेक्षा उंच टांगा, त्याच्यातून फीड पंपाला पारदर्शक पाईप द्या, हवा काढा आणि गाडी चालवून पाहा. मिसिंग गेली तर इंजिनाला हात लावू नका, टाकीची लाइन बदला. 

आमच्या गाडीत मेलेलं सिलिंडर मात्र दरवेळी चार नंबरचंच निघालं. सकाळी चार, दुपारी चार.

अशा वेळी धूर बघा. मेलेलं सिलिंडर आणि धूर नाही, म्हणजे तिथं डिझेल पोचतच नाही: पंपाचं एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, तुंबलेला पाईप. मेलेलं सिलिंडर आणि डोळ्यांत झोंबणारा पांढरा धूर, म्हणजे डिझेल पोचतं पण जळत नाही. पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट. निळा धूर ऑइलचा. आमचा पांढरा होता, झोंबणारा, आणि पाणी कमी होत नव्हतं.

मग सामान बदलण्याऐवजी सामानाची जागा बदला. चारचं नोझल दोनला, दोनचं चारला. मिसिंग दोनवर गेली तर नोझल खराब, चारवरच राहिली तर नोझल निर्दोष. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर पंपवाल्याच्या दोन चकरा वाचल्या असत्या. मिसिंग चारवरच राहिली.

प्रेशर पाईपांचंही बघून घ्या. सगळे सारख्या लांबीचे असतात, म्हणूनच काहींना विचित्र वळणं दिलेली असतात. काढताना चुन्यानं नंबर टाका. दोन पाईपांची अदलाबदल झाली तर दोन सिलिंडर बिघडतात, इंजिन घणासारखं ठोकतं, ते लपत नाही.

मग टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट. फायरिंग ऑर्डर 1-5-3-6-2-4, म्हणून जोड्या 1-6, 5-2, 3-4. तीनचे दोन्ही रॉकर हलू लागले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की चारचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. तेव्हाच थंड इंजिनावर फिलर गेज घालायचं. हेड कसल्यावर टॅपेट न बघणं हा आपल्या धंद्यातला जुना आळस आहे. व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि गरम झाल्यावर कॉम्प्रेशन पळतं. आमचे टॅपेट बरोबर होते. पुशरॉड सरळ होते.

शेवटी कॉम्प्रेशन. बॅटरी भरलेली, स्टॉप (डिझेल बंद करायची तार) ओढलेला, नोझलच्या जागी गेज. आकड्यापेक्षा सहा सिलिंडरांमधला फरक बघा. चार नंबर बाकीच्यांच्या बरोबरीनं 26 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब दाखवत होता.

म्हणजे हवा दबते, डिझेल येतं, नोझल चांगलं, टॅपेट चांगले, आणि तरी जळत नाही. मी चहा प्यायलो. पोऱ्यानं सहज टॉर्च नोझलच्या भोकात मारली आणि म्हणाला, "उस्ताद, हे खाली पितळेवाणी काय चमकते?"

ते तांब्याचं वॉशर होतं, आधीच्या मालकाच्या काळातलं. अपघाती गाडीचे नोझल आम्ही काढले तेव्हा पाच वॉशर नोझलसोबत बाहेर आली. चारचं काजळीनं सीटला चिकटून बसलं आणि सीटच वाटलं. त्यावर नवं वॉशर बसलं. नोझलचं टोक दीड-दोन मिलिमीटर वर उचललं गेलं. पिस्टनच्या वाटीत पडायचा फवारा वाटीच्या काठावर आणि हेडवर आपटत होता. सील पक्कं, म्हणून कॉम्प्रेशन शाबूत. नोझल कुठलंही लावा, रोग तिथंच. काम पोऱ्याचं होतं, पण तपासायची जबाबदारी माझी.

असं अडकलेलं वॉशर स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडू नका, सीटला ओरखडा पडला तर हेडच उतरवावं लागतं. मी आटे पाडायच्या टॅपला भरपूर ग्रीस लावून त्याच्या भोकात हलकाच फिरवला, दोन आटे पकडले आणि सरळ वर ओढला. काजळी ग्रीसला चिकटून येते. मग नोझल न लावता, स्टॉप ओढून, दोन-तीन सेकंद स्टार्टर मारायचा. उरलेली घाण बाहेर उडते, भोकावर तोंड नेऊ नका. नवं वॉशर ग्रीसनं नोझललाच चिकटवून खाली सोडा म्हणजे तिरपं बसत नाही. अडचणीच्या वेळी जुनं तांब्याचं वॉशर लाल तापवून पाण्यात टाकलं की मऊ होतं, रात्री रस्त्यावर चालतं. शेडमध्ये असताना नवंच लावा.

गाडी चालू केली. दोन मिनिटं पांढरा धूर आला, मग साफ. चारचा नट ढिला केला तर आवाज धपकन पडला. मालकांनी विचारलं, "मंग मजुरी किती?" चार दिवसांची मजुरी मी मागितली नाही, पंपवाल्याचं बिलही मीच भरलं. आता जुनी सहा वॉशर ताटलीत मोजून ठेवल्याशिवाय माझ्या शेडमध्ये एकही नोझल खाली जात नाही. पाचच निघाली तर आधी टॉर्च.