आजीला घेऊन इटालियन हॉटेलात

कापसाचे पैसे हातात आले की आम्ही घरचे सगळे अमरावतीला जेवायला जातो. इटालियन हॉटेलात प्रत्येकाचं वेगळं मागवू नका. आधी एक पिझ्झा, एक पास्ता मधे ठेवून वाटून खा, मग पुढचं सांगा. पांढऱ्या सॉसचा आल्फ्रेडो पास्ता वऱ्हाडी जिभेला फिका लागतो, तो लेकरांना द्या. मोठ्यांना आराबियाता, त्यात टोमॅटो, लसूण, लाल मिरची असते. दात नसलेल्या आजीसाठी रिसोत्तो, अगदी आसट खिचडीसारखा. फक्त त्याचा तांदूळ कणीदार ठेवतात, म्हणून ‘जास्त शिजवा’ असं आधीच सांगा. शाकाहारी असाल तर चीज कोणतं ते विचाराच, अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं. बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला लावा, तो ऐच्छिक आहे.