छापील पानांसाठी मुक्तस्रोत ओसीआर कसं निवडावं

ओसीआर म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणारं सॉफ्टवेअर. आधी हवं काय ते ठरवा. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये फक्त शब्द शोधता यायला हवे असतील तर ओसीआरमायपीडीएफ पुरतं. ते पानाचं चित्र तसंच ठेवून त्यावर न दिसणारा मजकुराचा थर चढवतं. मजकूर संपादित करायचा असेल तर ओसीआरमायपीडीएफ ज्याच्यावर चालतं ते टेसरॅक्ट थेट वापरा. कमांड लिहायची सवय नसेल तर टेसरॅक्टवरच चालणारं जीइमेजरीडर घ्या. हस्ताक्षराच्या वह्यांसाठी यांच्या वाटेला जाऊ नका, ती छापील अक्षरांसाठी आहेत.

ईझीओसीआर आणि पॅडलओसीआर हे आणखी दोन चांगले पर्याय. टेसरॅक्टप्रमाणे यांचाही परवाना अपाची २.० आहे, म्हणजे व्यावसायिक वापरालाही मोकळीक. दुसरं काही सापडलं तर कोडचा आणि मॉडेलचा (अक्षरं ओळखायला शिकवलेल्या फाइलचा) परवाना वेगवेगळा तपासा. कोड मुक्त, पण मॉडेलच्या व्यावसायिक वापरावर बंधन, असे प्रकल्पही असतात. शेवटची आवृत्ती कधी आली तेही पाहा.

टेसरॅक्टसोबत मराठीची फाइल वेगळी बसवावी लागते. भाषा सांगितली नाही तर ते पान इंग्रजी समजून वाचतं आणि रोमन अक्षरांचा कचरा हाती येतो. मधेमधे इंग्रजी शब्द असतील तर दोन्ही भाषांचे कोड अधिकचं चिन्ह घालून जोडा (mar+eng). लिनक्सच्या पॅकेजमध्ये बहुधा ‘फास्ट’ मॉडेल असतं. ‘बेस्ट’ मॉडेल वेगळं उतरवून घ्या. ते हळू चालतं, पण जोडाक्षरांसाठी तो वेळ द्यावा.

आता खरी परीक्षा. आपल्याच कामातली तीन पानं घ्या: एक स्वच्छ, एक दोन स्तंभांचं, एक पुसट. प्रत्येकातला एकेक परिच्छेद हाताने अचूक टाइप करा. मग प्रत्येक सॉफ्टवेअरच्या मजकुराशी ताडून चुकलेली, गळलेली आणि जास्तीची अक्षरं मोजा. हजारात वीस चुका म्हणजे दोन टक्के. ताडण्यापूर्वी दोन्ही मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या एकाच ठरावीक पद्धतीत, आणा. तरीही ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: ऱ आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक हे न दिसणारं चिन्ह. दिसायला सारखे, पण संगणकाला वेगळे. नाहक चूक धरली जाते. सगळीकडे एकच रूप करून घ्या.

निकाल वाईट आला तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी चित्र पाहा, कारण बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. स्कॅन ३०० डीपीआयला (दर इंचात ३०० ठिपके) करा. कमी डीपीआयचं चित्र नंतर मोठं केल्याने हरवलेला तपशील परत येत नाही. पान तिरकं असेल तर सरळ करा. ठिपके काढण्याची सोय मात्र जपून वापरा: ती धूळ समजून अनुस्वारच पुसू शकते आणि ‘घरांत’चं ‘घरात’ होतं. असा शब्द शुद्धलेखन तपासणीतही सापडत नाही. ब-व, घ-ध, भ-म यांची अदलाबदल होत असेल तर शिरोरेषा तुटली आहे का, शाई पसरली आहे का ते पाहा.

दोन स्तंभांच्या ओळी एकमेकींत मिसळत असतील तर पानाची मांडणी ओळखण्याचा पर्याय, म्हणजे पीएसएम, तपासा. तो ६ वर असेल तर टेसरॅक्ट अख्खं पान एकसंध परिच्छेद धरतं. ३ वर आणा. तरी जमलं नाही तर स्तंभ कापून वेगवेगळे द्या, तेव्हा ६ उपयोगी पडतो.