प्रवाळबेटांभोवती शिंपले आणि समुद्रकाकड्या मोजताना या चुका टाळा

दूरच्या प्रवाळबेटावरील सर्वेक्षणातील चूक बहुतेक वेळा परतल्यावर, आकडे मांडताना लक्षात येते आणि तोवर पुन्हा तिथे जाण्याची सोय उरलेली नसते. म्हणून खालील गोष्टी पाण्यात उतरण्यापूर्वीच ठरवलेल्या बऱ्या.

सर्वांत महागात पडते ती ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यांची गल्लत. ट्रोकस हा शंख जिथे लाटा फुटतात त्या प्रवाळकड्याच्या आसपास राहतो आणि प्रामुख्याने रात्री चरतो. सँडफिश म्हणून ओळखली जाणारी समुद्रकाकडी (काकडीच्या आकाराचा मऊ सागरी प्राणी) दिवसाचा बराच काळ वाळूत पुरून घेते. भर दुपारी, प्रवाळकड्याच्या आतील शांत पाण्यात म्हणजे लगूनमध्ये, जिथे पोहणे सोपे तिथेच पोहून शून्य नोंद झाली, तर ते शून्य प्राण्याविषयी फारसे काही सांगत नाही. आपण निवडलेल्या वेळेविषयी आणि जागेविषयी मात्र पुष्कळ सांगते. शक्य असेल तिथे मोजणीसाठी दोरीने आखलेल्या त्याच रेषांपैकी काही रात्री पुन्हा तपासाव्यात, खुल्या समुद्राकडील बाजू हवामान परवानगी देईल त्या पहिल्याच दिवशी उरकावी आणि प्रत्येक तक्त्यावर वेळ व भरती-ओहोटीची स्थिती लिहावी. शून्याचा तक्ता टाकून देणे ही तर अक्षम्य चूक आहे, कारण त्यामुळे सरासरी आपोआप फुगते.

दुसरी गडबड पद्धतींच्या सरमिसळीतून होते. बोटीमागे फळीला धरून ओढून घेत केलेली पाहणी ठळक, विखुरलेल्या प्राण्यांसाठी उपयोगी. बारीक आणि कपारीत दडलेल्या प्राण्यांसाठी आखूड ट्रान्सेक्ट, म्हणजे दोरीने आखलेले मोजणीचे पट्टे, हवेत. ३०० मीटर लांब आणि २ मीटर रुंद पट्ट्यात एक समुद्रकाकडी सापडली, तर घनता हेक्टरी सुमारे १७ भरते. तीच ४० मीटर लांब, १ मीटर रुंद पट्ट्यात सापडली, तर हेक्टरी २५०. हे दोन आकडे एकाच रकान्यात घालून सरासरी काढणे म्हणजे हिशेबाची थट्टाच.

एकाच पट्ट्यात दोन पाणबुड्यांची मोजणी जुळत नसेल, तर आधी कडेवरचे प्राणी पाहावेत. बहुतेकदा वाद तिथेच असतो. ‘निम्म्याहून अधिक शरीर आत असेल तरच मोजायचे’ असा नियम ठरवून पहिल्या दिवशी दोघांनी एकाच दोरीवर सराव करावा.

मापे घेताना डोळ्यांवर विसंबू नये, कारण पाण्याखाली मुखवट्यातून वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठी भासते. महाकाय शिंपल्यावर सावली पडताच तो आपले रंगीत मांस आत ओढून घेतो आणि मग प्रवाळात रुतलेली त्याची कड सहज नजरेतून सुटते. म्हणून सूर्य पाठीशी ठेवून त्याच्या अंगावरून जाऊ नये. समुद्रकाकडीला हात लावला की ती आखडते, त्यामुळे लांबी आधी मोजावी आणि मगच तिला उचलावे.

ट्रोकसचा प्रत्येक शंख उलटा करून पाहावा. आत रिकाम्या शंखात घर करणारा हर्मिट खेकडा निघाला, तर तो ट्रोकस नव्हे. कोन शंखांना मात्र हात लावूच नये: त्यांतील काहींच्या विषाने माणसे दगावली आहेत. प्रवाळात रुतलेल्या लहान शिंपल्याची जात खात्रीने सांगता येत नसेल, तर ‘ट्रायडॅक्ना, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे (ट्रायडॅक्ना हे महाकाय शिंपल्यांच्या प्रजातीचे नाव); अंदाजाने दिलेले नाव पुढे खोडले जात नाही.

नमुने घ्यायचेच असतील, तर जिवंतपणीचा फोटो आधी काढावा, कारण रंग टिकत नाहीत. समुद्रकाकडी फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नये. आम्लधर्मी फॉर्मॅलिनमध्ये तिच्या त्वचेतील चुन्याचे सूक्ष्म काटे विरघळतात आणि जात ओळखण्याचा मुख्य आधारच जातो. तिथे इथेनॉल वापरावे. महाकाय शिंपल्यांचे संपूर्ण कुळ १९८५ पासून वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने मांसाचा लहानसा तुकडाही परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि हा परवाना परतीच्या आठवड्यात मिळत नसतो.

तक्त्यांचे फोटो रोज संध्याकाळी काढून त्याच रात्री आकडे संगणकात भरावेत. ‘१२’ की ‘७२’ हे लिहिणाऱ्याला त्या रात्री आठवते, महिन्याभराने नाही.